पार्लिनचा तिसरा आवाज

पार्लिन हुतागाओलकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते तो गायचा थांबला तेव्हा.

रविवारची प्रार्थना चालू होती. आमच्या चर्चमध्ये चार सुरांत गातात. वर्षानुवर्षं तीच माणसं त्याच बाकांवर बसत असल्यामुळे कुणाचा आवाज कुठला, हे कुणी विचारतही नाही. तिसऱ्या कडव्यात अचानक गाणं हलकं झालं. शब्द होते, चाल होती, पण खालचा पाट काढून घेतल्यावर वरचं भांडं डुगडुगावं तसं काहीतरी झालं. मी मागे वळून पाहिलं. खांबाजवळच्या बाकावर एक रुंद खांद्यांचा माणूस वाकून शेजारच्या म्हातारीचा पडलेला चष्मा शोधत होता. चष्मा सापडला. त्याने तो सदऱ्याला पुसून तिच्या हातात दिला, उभा राहिला, तोंड उघडलं आणि गाणं पुन्हा जमिनीवर टेकलं.

मी तेव्हा नुकताच निवृत्त होऊन गावी परतलो होतो. शिक्षक म्हणून माझी सगळी नोकरी गावासमोरच्या मोठ्या तळ्यातल्या बेटावर गेली, त्यामुळे गावातली अर्धी माणसं मला नवीनच होती. बाहेर आल्यावर मी त्याला म्हणालो, "आवाज चांगला आहे तुमचा." तो इतका गोंधळला की मागे कुणी उभं आहे का ते वळून पाहिलं. "माझा, गुरुजी? मी तर नुसता खालून धरतो."

बाजाराच्या टोकाला भाताची गिरणी आहे, ती पार्लिन चालवतो. भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर कायम तुसाची धूळ. त्याच धुळीने त्याला खोकला दिलेला. मोठा नव्हे, घशात काहीतरी अडकल्यासारखा, दिवसातून दहावीस वेळा येणारा. बायको तिओमिनार, मुलगी रोंदांग. रोंदांग समुद्रापलीकडच्या बाताम बेटावर एका कारखान्यात फोनचे भाग जोडते आणि वर्षातून एकदा, नाताळला घरी येते.

संध्याकाळी तो लापोत असायचा. ताडी, डुकराचं तिखट मांस, गिटार आणि मोठमोठ्याने बोलणारे पुरुष, म्हणजे आमचा लापो. तिथे तिघांचं गाणं व्हायचं. पहिला आवाज बिन्सारचा, दुसरा गिंदोचा, तिसरा पार्लिनचा. बिन्सार म्हणजे तिओमिनारचा थोरला भाऊ, मोबाइलच्या दुकानाचा मालक, उंच, केसांना तेल लावणारा. सूर असा चढवायचा की चुलीपाशी बसलेली लापोची मालकीणही पळी हातात धरून थांबायची. गिंदो त्याचा चुलतभाऊ, गिटारवाला. तिघांच्या गटाला नाव होतं 'तळ्याकाठचे तिघे', आणि आसपासच्या गावांतल्या लग्नांत त्यांची गाणी वाजायची.

पार्लिन आणि बिन्सार एकमेकांना 'लाए' म्हणत. आमच्यात मेहुणे एकमेकांना तेच म्हणतात. पण हाक एक असली तरी जागा एक नव्हे. बायकोच्या माहेरच्या माणसापुढे मान खाली घालायची. त्याचा आशीर्वाद असेल तर घरात पोरं नांदतात आणि शेतात दाणा येतो. त्याच्या घरी कार्य निघालं की आपण पाणी भरायचं, पानं वाढायची, भांडी उचलायची. पार्लिन हे सगळं मनापासून करायचा. कुणी करायला लावतंय असं त्याच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिलं नाही.

बिन्सारच्या घराच्या मागच्या खोलीत गाणी ध्वनिमुद्रित होत. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, मधोमध एकच माइक. आधी शेजारच्या डुकरांना पोटभर खायला घालायचं, म्हणजे ती गप्प राहतात, मग दार लावायचं. कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर कशाबरोबर तरी फुकट आलेलं होतं आणि दोनच पट्ट्या, म्हणजे ट्रॅक, द्यायचं. एका पट्टीवर गिटार, दुसरीवर तिघांचे आवाज एकत्र. कॉफीत साखर विरघळली की परत काढता येत नाही, तसे ते आवाज. एकाचं चुकलं की तिघांनी पहिल्यापासून गायचं. पार्लिनचा आवाज जड, म्हणून तो बाकीच्या दोघांच्या एक पाऊल मागे, भिंतीकडे अर्धा वळून उभा राहायचा. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा मी तिथे बसलो होतो. गाणं शेवटच्या ओळीवर आलं आणि पार्लिनला खोकला आला.

"लाए, गिरणी घशात घालून आणतोस होय रे?" बिन्सार कानांवरचे हेडफोन काढत म्हणाला.

"चुकलं लाए. पुन्हा घेऊ."

"पुन्हा! चौथ्यांदा पुन्हा!"

"मघाचा कोंबडा परवडला," गिंदो तारा जुळवत म्हणाला. "त्याला निदान कडवं संपायची वाट बघता येते."

पार्लिनही हसला. पण घरी जाताना वाटभर घसा खाकरत राहिला.

त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. तिच्यात हव्या तितक्या पट्ट्या, प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र घेता येणार, चुकलेला तुकडा तेवढाच बदलता येणार. बिन्सार दोन महिने ती घ्यायची की नाही यावर घोळ घालत होता. नवी चढवली की जुनी गाणी तिच्यात उघडतील याची खात्री नाही, आणि त्याचा कॉम्प्युटरही तिला पुरणार नव्हता. एका संध्याकाळी लापोत पार्लिननेच विषय काढला.

"घेऊन टाक लाए. माझ्यापायी तुमचे घसे बसतात. वेगवेगळं घेतलं तर माझं बिघडलेलं माझ्यापाशीच राहील."

"आणि कॉम्प्युटर काय तुझ्या गिरणीत दळून काढू?"

दुसऱ्या दिवशी पार्लिनने नाताळासाठी पोसलेलं डुक्कर दोरीला धरून मेहुण्याच्या दारात नेऊन बांधलं. त्या घरी डुक्कर देणं रीतीतच बसतं, त्यामुळे कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

डुक्कर विकलं गेलं, नवा कॉम्प्युटर आणि नवं सॉफ्टवेअर आलं. बिन्सारच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, आणि नव्या सुनेला आशीर्वाद देणारं एक गाणं तिघांनी बसवलं होतं. ते आता एकेकाने आत जाऊन गायचं होतं. पार्लिनची पाळी झाली त्या दिवशी तो आपल्या घरी न जाता तडक माझ्या ओट्यावर आला. मी त्याला कॉफी दिली. ती त्याने तशीच हातात धरून ठेवली.

"गुरुजी, आज मी माझा आवाज ऐकला."

"रोज ऐकतोसच की."

"नाही हो. तिसरा आवाज एकटा कधी असतो का? वरचे दोन असले तरच तो असतो. आज लाएने बाकीचं सगळं बंद केलं आणि माझी एकट्याची पट्टी लावली." त्याने कप दुसऱ्या हातात घेतला. "वाईट नव्हता हो."

पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण हे शेवटचं वाक्य म्हणताना त्याने कपाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मध्ये दोनदा खोकलो. पण तेवढेच तुकडे परत घेतील. लग्नात लागेल तेव्हा नीट कान देऊन ऐका. आणि रोंदांगलाही पाठवणार आहे मी. तिने मला नेहमी घोळक्यातच ऐकलंय."

लग्नाच्या मांडवात पाचएकशे माणसं होती. मी वडीलधाऱ्यांच्या रांगेत बसलो होतो. पार्लिन पहाटेपासून मोठ्या कढईपाशी राबत होता, आता भाताच्या ताटल्यांची चळत दोन्ही हातांवर घेऊन रांगांतून वाढत चालला होता. कर्ण्यातून गाणं सुरू झालं. पहिल्या कडव्यानंतर तिसरा आवाज आत आला.

तो स्वच्छ होता. कुठेही खरखर नाही, श्वास नाही. आणि शब्द संपवताना तो टोक किंचित वर उचलत होता, जसं बिन्सार उचलतो. बिन्सारच तो, विहिरीत उतरवलेला.

मी पार्लिनला शोधलं. तो दोन रांगांच्या मध्ये ताटल्या घेऊन उभा होता. कुणीतरी म्हणालं, "अहो, भात!" तसा तो पुढे सरकला.

"पार्लिन, आज काय आवाज लागलाय तुझा!" माझ्या शेजारचे म्हातारे ताटली घेता घेता म्हणाले. "इतके दिवस कुठे लपवून ठेवला होतास?"

"खोकला गेला वाटतं," दुसरा म्हणाला. "कसलं औषध घेतलंस? मलाही सांग."

"आभारी आहे," पार्लिन म्हणाला आणि पुढच्याला भात दिला.

तो माझ्यापाशी आला तेव्हा मी म्हणालो, "हा तू नाहीस."

"हळू, गुरुजी." त्याने तिओमिनारकडे पाहिलं. ती भावाने खांद्यावर घातलेला उलोस, माहेरच्या आशीर्वादाचं ते विणलेलं वस्त्र, सावरत बायकांत बसली होती, आणि गाण्याबरोबर तिची मान हलत होती. "तिला नीट दिसतंय आपण बोलतोय ते."

संध्याकाळी मांडव उतरवताना त्याने बिन्सारला विचारलं. मी तिथेच खुर्च्या मोजून घेत होतो.

"लाए, माझी पट्टी?"

"अरे हो, तुला सांगायचंच राहिलं. तुझे तुकडे बसेनात रे नीट. मग म्हटलं बघू तरी, या नव्यात काय काय आहे. एका आवाजाचे तीन होतात! माझाच खाली उतरवला. कुणाला कळलं सांग? अख्ख्या मांडवात एकाला तरी?"

"नाही."

"मग! आणि नाव तुझंच ठेवलंय. फोटोही तिघांचाच आहे."

"माझी ती पट्टी आहे का अजून?"

"जागा खाते ती. काढून टाकली." बिन्सारने त्याच्या पाठीवर थाप मारली. "आता तुला खोकल्याची काळजी नको. झालं की नाही काम?"

"चांगलं झालंय, लाए," पार्लिन म्हणाला.

गाणं रोंदांगपर्यंत पोचलं होतं. मामानेच पाठवलं. दोन दिवसांनी पार्लिनने मला फोन दाखवला, कारण त्याला चष्म्याशिवाय बारीक अक्षर लागत नाही. मी वाचून दाखवलं. 'बाबा, तुमचा आवाज एवढा सुंदर आहे हे मला माहीतच नव्हतं. इथे खोलीतल्या सगळ्या मुलींना ऐकवला. मी रडले.'

"काय लिहू?" मी विचारलं.

"लिहा, जेवत जा वेळेवर."

पुढच्या महिन्यात बिन्सारने लापोत सगळ्यांसमोर जाहीर केलं की गाण्याचं चित्रीकरण करायचं, तळ्याच्या काठी, तिघांना सारखी निळी जाकिटं. "लाए, तू नुसते ओठ हलवायचे. आता तेवढंच काम आहे तुला," असं म्हणून तो हसला, आणि त्याच्याबरोबर सगळा लापो.

पार्लिन हसला नाही. त्याने पेला खाली ठेवला. "जाकीट त्या खांबाला घाल, लाए. आवाज तुझा, नाव माझं, मग तोंड कुणाचं का असेना."

गिंदोने गिटार बाकाला टेकवून ठेवली. बायकोच्या भावाला चारचौघांत असं बोलल्याचं मी आमच्या भागात दोनदा ऐकलंय, आणि दुसऱ्या वेळी त्या घराने गाव सोडलं होतं. बिन्सार उठून गेला.

तिओमिनारने चार दिवस नवऱ्याच्या ताटात वाढलं, पण समोर बसली नाही. पाचव्या दिवशी ती बोलली, ते मला पार्लिननेच सांगितलं. "तुमच्या आवाजावर हे घर चालत नाही. त्याच्या आशीर्वादावर चालतं. उद्या रोंदांगचं लग्न निघालं तर तिच्या खांद्यावर उलोस कोण घालणार, तुमची गिरणी?"

तो माझ्याकडे आला. माफी मागायला जायचं तर बरोबर बोलणारा वडीलधारा हवा. मी विचारलं, "माफी तू मागायचीस?"

"मग काय तो मागणार? गुरुजी, तुम्हाला रीत मी सांगायची का?"

आम्ही गेलो. तिओमिनारने शिजवलेलं डुक्कर आणि भात टोपलीत होता. बिन्सार चटईवर बसला, पार्लिनने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि डोकं खाली घातलं. मी रीतीचे शब्द बोललो, की तुमच्या बहिणीच्या घराकडून जिभेची चूक झाली, ती पोटात घाला. बोलताना मध्येच पार्लिनला खोकला आला. त्याने तो दाबला, तोंड लाल झालं, पण आवाज बाहेर येऊ दिला नाही.

बिन्सारने मोठं मन दाखवलं. हळदीत शिजवलेला आशीर्वादाचा अख्खा मासा त्याने मेहुण्यापुढे ठेवला, दोघा नवराबायकोच्या खांद्यांवरून एक उलोस पांघरला. "झालं गेलं, लाए," तो म्हणाला. "मशीनचा राग माणसावर काढू नये."

तिओमिनार रडली, सुटका झाल्यासारखी. पार्लिनने मासा काटे काढून सगळा खाल्ला.

चित्रीकरण झालं. मी ते पाहिलं आहे. निळ्या जाकिटातला पार्लिन उजवीकडे उभा आहे, मागे तळं आहे, आणि त्याचे ओठ गाण्याच्या बरोबर हलतात, एकाही शब्दाला चुकत नाहीत. त्यानंतर आणखी चार गाणी निघाली. चारही गाण्यांत तो आहे. लोक मला सांगतात, तिघांतला तिसरा सगळ्यांत चांगला.

त्याची गिरणी अजून चालू आहे. संध्याकाळी तो लापोत येतो, गाणाऱ्यांत न जाता दाराजवळच्या टेबलावर बसतो आणि माझ्याशी बुद्धिबळ खेळतो. दहातले सात डाव तो जिंकतो.