हरेश्वरच्या गळ्यातला हार

हरेश्वर नाखवा कुठल्याही दारातून आत येताना वाकायचा. दार कितीही उंच असो. कोपरीतल्या माझ्या दुकानाचं शटर पूर्ण वर असलं तरी वाकायचा, आणि माजिवड्याच्या ज्या हॉलमध्ये टेम्पो सरळ आत जाईल, तिथेही मान खाली घालूनच शिरायचा. "अरे, डोक्यावर चार फूट जागा आहे तुझ्या!" मी एकदा ओरडलो. "सवय झाली, काका. घराचं दार लहान आहे ना," तो म्हणाला. साडेसहा फूट उंची, आणि आवाज इतका हळू की दोनदा विचारावं लागे.

माझं बॅनर बनवायचं दुकान आहे. वाढदिवस, 'भावी नगरसेवक', दहावीचे गुणवंत, श्रद्धांजल्या, सगळं माझ्याच कॉम्प्युटरवर होतं. बास्केटबॉलचं वेड कॉलेजपासूनचं. खेळलो म्हणतो मी चारचौघांत, पण खरं सांगायचं तर तिन्ही वर्षं राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलो. त्यामुळे राज्याची लीग निघाली आणि आपल्या भागाचा 'खाडीवीर' नावाचा संघ झाला, तेव्हा मी अगदी हुरळून गेलो. चाहत्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, त्याचा ॲडमिनही मीच.

त्या लीगमध्ये ड्राफ्ट असतो. म्हणजे संघांनी आळीपाळीने एकेक खेळाडू उचलायचा. चांगले पहिल्या फेऱ्यांतच जातात. हरेश्वरचं नाव शेवटच्या फेरीत आलं, तेही अगदी शेवटून दुसरं. संघाला बाकावर एक उंच माणूस हवा होता, बस्स. पण मला कोण समजावणार? कोपरीचा पोरगा, कोळीवाड्यातला, आई मार्केटात मासे विकते! मी ग्रुपवर लिहिलं, 'शेवटच्या फेरीतला हिरा. बघाच तुम्ही.' चारशे माणसं बघायला लागली.

त्याला दुकानात बोलावून पांढऱ्या पडद्यासमोर उभा केला. त्याचा चेहरा नीट यावा म्हणून मी स्टुलावर चढलो, स्टूल डुगडुगलं, आणि त्याला हसू आलं. तोच फोटो घेतला. फार सुरेख आला होता. वीस फुटी बॅनर केला, 'कोपरीचा बुलंद टॉवर', आणि नाक्यावर लावला. तो बिचारा धावत आला. "काका, एवढा मोठा नको हो. मी बाकावर असणार."

"गप रे! तुला काय कळतंय?" मी म्हटलं. आता वाटतं, त्याला सगळंच कळत होतं.

तो मैदानात उतरायचा सामन्यात चार-पाच मिनिटं. उड्या मारून बॉल काढायचा आणि लगेच दुसऱ्याला द्यायचा. स्वतः बास्केटकडे बघायचाच नाही. आमचा ग्रुप पेटायचा. 'अरे टाक की!' मी सामन्यानंतर त्याला गाठून विचारायचो, का नाही टाकलास? त्याचं एकच उत्तर, "तो माझ्यापेक्षा मोकळा होता, काका." हे इतक्या शांतपणे सांगायचा की माझं डोकं आणखी फिरायचं. प्रशिक्षक मात्र त्याच्यावर खूश होते. पण आम्हाला टॉवर हवा होता ना.

मग तो शनिवार. माजिवड्याचाच हॉल, शेवटचे काही सेकंद, आपण एका गुणाने मागे. बॉल हरेश्वरच्या हातात, बास्केटच्या अगदी खाली. हात वर केला असता तरी गेला असता. त्याने कोपऱ्यातल्या मोकळ्या पोराला दिला. त्या पोराचा नेम चुकला. हरलो.

मला त्या माणसाचा इतका राग आला होता, की जणू त्याने माझ्या घरात चोरी केली. रविवारी सकाळी दुकान उघडलं, चहा मागवला, आणि त्याचा तो हसरा फोटो उघडला. आमच्या धंद्यात झेंडूचा हार तयारच असतो, एकदा केलेला, कुणालाही घालता येतो. तो घातला. खाली लिहिलं, 'कै. हरेश्वर नाखवा यांच्या खेळास भावपूर्ण श्रद्धांजली.' 'यांच्या खेळास' हे शब्द बारीक ठेवले. त्यातच तर गंमत होती म्हणे! ग्रुपवर टाकलं. हसणाऱ्या तोंडांचा पाऊस पडला. मी दोनदा बघून स्वतःवरच खूश झालो.

साडेदहाच्या सुमाराला शेजारचा चक्कीवाला पळत आला. "अहो करंदीकर, तो आपला हरेश्वर गेला!"

"कसा?" मी विचारलं. खरंच विचारलं. "अपघात झाला का?"

"काय माहीत. हे बघा, फोटो आलाय," म्हणत त्याने मोबाइल पुढे केला. त्यात माझाच हार होता.

मार्केटात पोचलो तर बायकांनी माशांच्या पाट्या झाकल्या होत्या. मध्ये त्याची आई, हिराबाई, ओल्या जमिनीवर बसलेली. तिला बारीक अक्षर वाचता येत नव्हतं, पण हार दिसत होता. ती रडत नव्हती. एकच घोकत होती, "माझा पोर राती जेवला नाय. भरला ताट ठेवून उठला."

"हिराबाई, खोटं आहे ते! जिवंत आहे तो!" मी ओरडलो.

"मंग मना त्याचा आवाज ऐकवा," ती म्हणाली.

आवाज कुठून ऐकवू? संघ तासाभरापूर्वीच बसने नाशिककडे निघालेला, पोरांचे मोबाइल बंद करून मॅनेजरकडे जमा, आणि मॅनेजरचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी फोन लावत राहिलो. जेवायला बस थांबली तेव्हा, एक वाजता, त्याने उचलला. अडीच तास ती बाई मुलगा गेला असं धरून बसली होती, आणि मी तिच्या शेजारी बसून होतो. बायका म्हणाल्या, "काका देवासारखे धावून आले हो." मी तोंड उघडलं नाही.

मंगळवारी तो दुकानात आला. वाकून. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "काका, हार तुमचाच ना? माझे वडील गेले तेव्हा तुम्ही त्यांच्या बॅनरला हाच घातला होता. डावीकडे एक फूल तुटलंय त्यात."

"चल, आत्ता तुझ्या आईच्या पाया पडतो," मी उठलो.

"नका." पहिल्यांदाच त्याचा आवाज मला एकदा बोलल्यावर ऐकू आला. "तुम्ही सांगून मोकळे व्हाल. तिचं काय? सगळ्या मार्केटात तिला तुमचा एकट्याचा आधार वाटतोय. मी तिला सांगितलंय, दुसऱ्या संघाच्या कुणीतरी केलं."

मी हात जोडले. त्याने ते धरून खाली केले, आणि पाणी मागून प्यायला. रागावला असता तर किती बरं झालं असतं!

मोसम संपल्यावर संघाने त्याला ठेवलं नाही. तो टिटवाळ्याच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक झाला, तिकडेच खोली घेतली. मुलं त्याच्यावर जीव टाकतात असं ऐकतो. मी गेलो नाही. तोंड नाही मला.

गेल्या महिन्यात हिराबाई दुकानात आली. तीही पोराकडे राहायला निघाली होती. पदराला हात पुसून तिने मोबाइल उघडला आणि तोच फोटो माझ्यासमोर धरला. "घरात पोराचा एक धड फोटो नाय, काका. यो लई गोड हाय, हसतंय बघा कसा. तुमी कॉम्प्युटरवाले. यवरा हार पुसून द्याल का?"

पुसायचं काय होतं त्यात? फाइल माझ्याकडेच होती. पण तिला दाखवायला मी उगाच दहा मिनिटं माउस फिरवत बसलो. मग मोठी प्रिंट काढून तिच्या हातात दिली. तिने ती उजेडाकडे धरून गळ्यावरून बोट फिरवलं.

"हार व्हता असा वाटत पन नाय," ती म्हणाली. "ज्यानं घातला त्याचं हात झडोत." आणि माझे दोन्ही हात धरून तिने आपल्या कपाळाला लावले.