कमूला न सोसलेली गोळी

खोडाळ्याच्या हिराबाईला धाकट्या बहिणीचं, कमूचं, काही म्हणजे काही बघवत नसे. आणि का बघवावं? लहानपणी गुरांमागे हिरा, शाळेत कमू. पुढे हिराला कोरडवाहू जमीन आणि तसाच नवरा. कमूला जव्हारात मास्तर नवरा, पक्कं घर, वर पंखा!

दोन हजार चारच्या सुमारास कमूला फिट येऊ लागल्या. त्यावरच्या गोळीने अंगभर फोड आले, कातडी सोलून निघाली. नाशिकच्या इस्पितळात ती मरता मरता वाचली. हिरा बघायला गेली नाही. लावणी सोडून कशी जाऊ, म्हणाली. मनात मात्र म्हणाली, बरं झालं, आता तोरा उतरेल.

तोरा कसला उतरतोय! काळा गॉगल लावून, गर्दीतून वाट काढणाऱ्या नवऱ्याचा हात धरून कमू बाजारात आली आणि सख्ख्या बहिणीसमोरून ओळख न देता निघून गेली. हिराच्या अंगाचा तिळपापड झाला.

वर्षभराने हिराचा उजवा गाल दुखू लागला. नुसता पदर लागला तरी जीवघेणी कळ उठायची. डॉक्टरने गोळ्या दिल्या. फिटवरच्याच, पण या कळेवरही चालतात म्हणाला. हिरा खूश. "कमूच्या गोळ्या मलाबी मिळाल्या," ती गावभर सांगत सुटली. "तिला नाय सोसल्या. अंगात कस लागतो!" फक्त अमावास्या टळल्यावर पहिली गोळी घ्यायची होती.

बातमी जव्हारला पोचली. अमावास्येलाच कमू नवऱ्यासह दारात हजर. तुळशीदास मास्तरांनी पाकीट वाचलं. "तीच गोळी."

"बाय, ही घेऊ नको," कमू म्हणाली. "नाशिकचा डॉक्टर बोलला, हा दोष रक्तातून येतो. मला हाये, तर तुलाबी असंल."

"शाळा तुझी, मास्तर तुझा, आन् दोष तेवढा दोघींचा?" हिरा कडाडली. "मी बरी झालेली तुला बघवत नाय. बाजारात ओळखसुद्धा देत नाय तू!"

कमूने गॉगल काढला. दोन्ही बुबुळं दुधाळली होती.

"ओळख कशी देऊ, बाय? डोळेबी त्या गोळीनंच गेले. तू समोर व्हतीस, ते मला आता कळतंय."

हिराने पाकीट मास्तरांच्या हातात कोंबलं. "दुसरी आना मागून," ती कशीबशी म्हणाली.

कमू चाचपडत पुढे आली. तिचा हात नेमका हिराच्या उजव्या गालावर पडला. कळ थेट डोक्यात गेली. हिराने तोंड बाजूला घेतलं नाही.