बांगड्याक सोसणा नाय

पास्कूला कुठेही बोलवा, स्वतःसाठी म्हणून तो कधी नकार देत नसे. लग्न असो, चर्चचं फेस्त असो, मालवणच्या बाजारात एक फेरी असो, त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "माझा काय नाय रे सुऱ्या. बांगड्याक सोसणा नाय."

बांगडो हा त्याचा कुत्रा.

पास्कू माझा शाळेतला सोबती आणि शेजारी. तोंडवलीला आमच्या दोन आवारांमध्ये कमरेएवढा दगडी गडगा आहे, तेवढंच अंतर. शाळा सुटल्यावर तो सैन्यात गेला. मी गावातच राहिलो आणि पुढे वडिलांच्या माडाच्या बागेत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. हे सांगायचं कारण पुढे येईल.

निवृत्त होऊन आलेल्या फौजीला आमच्याकडे वाजतगाजत घरी नेतात. पास्कूच्या वेळी सगळी तयारी मी केली होती. कुडाळ स्टेशनवरून त्याला जीपने आणलं आणि गावाच्या तिठ्यावर उतरवलं. हार झाला, ढोल झाला. मग मी हौसेने आणलेली फटाक्यांची लांबलचक माळ माझ्याच हाताने पेटवली. पहिला बार वाजला मात्र, पास्कू इस्त्रीच्या कपड्यांनिशी रस्त्यावर पालथा पडला. ढोल थांबला. कुणाला काही कळेना. माळ संपल्यावर त्याच्या छातीखालून कुईकुई ऐकू आली आणि जॅकेटमधून तपकिरी रंगाचं एक पिल्लू डोकं बाहेर काढून बघायला लागलं.

"अरे, पिलाक वाचवल्यान रे!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. पास्कूही उठला, धूळ झटकत हसला. "बांगड्याक सोसणा नाय," म्हणाला. ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा. मीही हसलो होतो.

त्या पिल्लाची गोष्ट त्याने मला एकदाच सांगितली, विहिरीजवळ मासे साफ करताना. त्याची चौकी सरहद्दीवर होती. खालचं गाव तोफांच्या माऱ्याने रिकामं झालेलं. मारा थांबल्यावर घरं तपासायला याला पाठवलं. एका पडक्या घरात, चुलीच्या राखेत हे पिल्लू बसलेलं होतं.

"सगळ्या गावात जिवंत तेवढाच. दुधाची पावडर पाण्यात कालवून बोटान चाटवलंय. बोट सोडी नाय मेलो."

"आणि नाव बांगडो कित्या?"

"थय बरफात बसान माका दुसरा काय आठवतला? साहेबाक पण बांगडोच म्हणाक शिकवलंय. तो म्हणी, बांगडू."

चौकीवरचं कुत्रं चौकीचं असतं, असा तिथला रिवाज. तुकडी बदलली की चौकीचा ताबा देताना कुत्रंही नव्या माणसांच्या हवाली करायचं, त्याला खायला काय लागतं ते सांगायचं आणि मागे न बघता डोंगर उतरायचा. पास्कूने असे कुत्रे आधी घेतले होते, दिले होते. या खेपेला त्याला ते जमलं नाही. साहेबांनी तोंड दुसरीकडे फिरवलं आणि याने पिल्लू जॅकेटमध्ये घातलं.

"ह्या येळाक कित्या जमूक नाय?" मी विचारलं.

"निजताना बाजूक कोणतरी व्हया लागता."

"पिलाक माणसाची सवय लागता खरी," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि माशाच्या पोटात पुन्हा सुरी घातली.

त्याच्या मागच्या अंगणात, मांगराला, म्हणजे सामान ठेवायच्या खोपटाला, लागून वडिलांची जुनी होडी पालथी पडलेली होती. गावात कुठेही दारूसामान वाजायला लागलं, की पास्कू बांगड्याला घेऊन त्या होडीखाली सरपटत शिरायचा. खाली गोणपाट अंथरलेलं, पाण्याचा तांब्या ठेवलेला. पोरं चिडवायची, "पास्कूअंकल, कुत्र्यापायी स्वतः बिळात?" तो आतूनच ओरडायचा, "बिळात नाय रे, बंगल्यात!" दारूसामान संपल्यावर बाहेर आला की त्याचा सदरा भिजलेला असायचा. होडीखाली उकडत असेल, असं मी समजायचो.

दिवाळीत सगळ्यात जास्त आवाज माझ्याच आवारातून व्हायचा. सुट्टीतले पर्यटक शहरातून खोकी भरून फटाके आणायचे. एका वर्षी पास्कूची बायको, लुसीवैनी, गडग्यापाशी आली. "भाऊ, जरा सांगशात काय तेंका? बांगड्याक त्रास होता."

"सांगतंय वैनी," मी म्हटलं. सांगितलं नाही. ती माणसं दरवर्षी येणारी होती. त्यानंतर ती कधी हे सांगायला गडग्यापाशी आली नाही आणि मला त्याचं बरंच वाटलं.

बांगडो म्हातारा झाला. एका दुपारी माझ्या अंगणात हातातून भाताचा मोठा टोप निसटून फरशीवर आदळला. बाजूलाच बांगडो झोपला होता. त्याचा कानसुद्धा हलला नाही. मी टाळ्या वाजवल्या, हाक मारली. काही नाही.

"पावसाळ्यापासून तेका ऐकाक येणा नाय," वैनी गडग्यापलीकडून म्हणाली आणि कपडे वाळत घालत राहिली.

त्या दिवाळीत पहिला बार वाजला तेव्हा बांगडो पडवीत पाय ताणून घोरत होता. पास्कूने त्याला दोन्ही हातांनी उचललं. कुत्र्याने डोळे उघडले, याच्याकडे बघितलं, त्याला काही समजेना. मी गडग्याशी उभा होतो. पास्कूने मला बघितलं.

"बांगड्याक सोसणा नाय," तो म्हणाला.

"होय तर," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

मी वळून आत आलो. माझ्याच अंगणात माझे पाहुणे पुढची माळ सोडवत होते. मी त्यांना थांबवलं. ते नाराज झाले आणि समुद्राच्या बाजूला जाऊन वाजवू लागले. आवाज तिथूनही तेवढाच येत होता.

उन्हाळ्यात बांगडो गेला. पास्कूने त्याला मांगरामागच्या माडाच्या बुडाशी पुरलं. नंतर कुणी बोलावलं की तो नुसता "बघूया" म्हणायचा. त्यापुढे बोलायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

पुन्हा दिवाळी आली. त्या वर्षी मी फटाके वाजवणाऱ्यांना खोल्या दिल्या नाहीत, पण गाव काही माझ्या एकट्याच्या मालकीचं नाही. दिवेलागणीला किनाऱ्यावरून पहिला बार आला. मी गडगा ओलांडून गेलो. वैनी पडवीत बसली होती. तिने फक्त होडीकडे मान केली.

मी वाकून बघितलं. पास्कू गोणपाटावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. बाजूची जागा रिकामी होती. मी काय म्हणतो याची तो वाट बघत होता आणि त्याची नजर मला सहन होईना.

"सर जरा थय," मी म्हणालो. "माका हो आवाज सोसणा नाय."

तो सरकला. मी पोट सांभाळत कसाबसा आत शिरलो. पुढचा बार मोठा होता. त्याचा हात माझ्या मानेवर आला आणि तिथेच राहिला, केसांतून पुन्हा पुन्हा फिरत.

"भियाव नको," पास्कू म्हणाला. "मी आसंय."