होटगीला नेलेले अळिवाचे लाडू

पुण्याहून गाडीत बसले तेव्हा मांडीवर अळिवाच्या लाडवांचा डबा होता. सोलापूरला नेहमी रिकाम्या हातानं जायचं आणि चादरी, शेंगाचटणी घेऊन यायचं, अशी माझी रीत. या खेपेला थोरल्या बहिणीसाठी, अक्कासाठी चालले होते. तिचं गर्भाशयाचं ऑपरेशन रक्त कमी म्हणून सारखं पुढं ढकललं जात होतं, आणि रोज अंगावरून जाणं काही थांबत नव्हतं.

ती स्टेशनवरच आली होती. ओठ पांढरेफटक. जिना चढताना दोनदा कठड्याला धरून उभी राहिली आणि मलाच म्हणाली, "लई वाळलीस की गं!"

स्टेशनवरून थेट दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून विचारलं, "अंडं तरी चालेल का?"

अक्कानं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. "न्हाय चालत, बाई."

"मग पालेभाजी, कडधान्यं, अळीव, वर लिंबू. रक्तवाढीची गोळी कशाबरोबर घेता?"

"चहासंगं. मळमळतंय की."

बाईंनी कपाळाला हात लावला. चहानं गोळी अंगी लागत नाही म्हणे. इतके दिवस हिला कुणी विचारलंच नव्हतं. मला असा संताप आला!

अक्काच्या गावी, होटगीला जाणाऱ्या एस.टी.साठी थांबलो, तिथं एक म्हातारी पुंडीपल्ले (अंबाडीची भाजी) विकत होती. मी चार-पाच जुड्या उचलल्या.

"एवढी कुणाला गं?" तिनं विचारलं.

"हिला एकटीला," मी म्हटलं. म्हातारी अक्काकडं बघून हसली. "घरात गेल्यावर एकटीची ऱ्हातीय व्हय!"

होटगीपर्यंत दोन्हीकडं ज्वारी उभी होती. अक्का माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. तिचा हात हातात घेतला, तर गारठलेला.

घरी गेल्या गेल्या तिनं चूल पेटवली. ज्वारीच्या कण्या आणि लसूण घालून केलेली ती आंबट भाजी, वर कच्चं तेल. अहाहा! दाजी, दोन्ही मुलगे आणि मी पाटावर. मी म्हटलं, "अक्का, तूही बस."

"घरची बाई आदी जेवती व्हय? पावणी हायेस तू, गप जेव."

"बस की, कोण नको म्हणतंय?" दाजी म्हणाले आणि पुढची गरम भाकरी मागितली.

मी हट्टानं उठले आणि तव्यापुढं बसले. माझी भाकरी परातीतच फाटली. दुसरीही फाटली. मुलं हसली, अक्कानं मला हाताला धरून उठवलं, आणि ताटात आणखी भाजी वाढली. ती जेवायला बसली तेव्हा मी पातेल्यात डोकावले. तळाशी नुसतं तेल होतं. तिनं ते भाकरीनं पुसून घेतलं, चटणी घेतली आणि गोळीसाठी चहाचं आधण ठेवायला उठली. मी ओरडले तेव्हा कुठं थांबली. मग समोर बसवून एक लाडू खायला लावला.

"बाकीचे रोज एक, फक्त तू. माझी शपथ."

"व्हय गं बाई, व्हय."

दुसऱ्या दिवशी निघताना डबा तिनं कापडात बांधून माझ्या पिशवीत ठेवला. मी म्हटलं, "लाडू दुसरीकडं काढलेस ना?" ती नुसती हसली आणि मला कुंकू लावलं.

कुर्डुवाडी गेल्यावर भूक लागली. डबा उघडला. वर कडक भाकरी, शेंगाचटणीची पुडी. खाली माझेच अळिवाचे लाडू. एक तेवढा कमी.

फोन लावला. "अक्का, हे काय केलंस?"

"अगं, माहेरच्या माणसाचा डबा रिकामा कसा द्यायचा? घरात दुसरं काय गोड न्हवतं. तूच खा. बाईच्या जातीला ताकद लागती."

फोन ठेवला. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठून आलात?" सोलापूरहून, म्हटलं. "मग काय, खाण्यापिण्याची चंगळ!" हो म्हणाले. होतीच चंगळ. दोन दिवस अक्काच्या वाटणीचं मीच खाऊन आले होते. झाकण लावलं आणि खिडकीकडं तोंड करून पुण्यापर्यंत रडत आले.