मस्ट, की मे?

लालबागच्या चाळीतल्या बकुळा तेंडोलकरने बी.ए.ला इंग्रजी हा विषय घेतला, तेव्हा तिच्या थोरल्या भावाने, जयवंतने कपाळावर हात मारला. "अगो, आम्ही मराठी राज्यासाठी घसे फोडतोय आणि तू साहेबाची भाषा शिकणार?" पण गिरगावातल्या कॉलेजात नाव घालायला तोच तिच्याबरोबर गेला.

कॉलेजात बकुळा कायम धास्तावलेली. वकील-डॉक्टरांच्या मुली तिथे आपसात इंग्रजीत भांडायच्या. हिचं मराठी शाळेतलं इंग्रजी कागदावर बरं उतरे, तोंडाशी आलं की अडखळे. एकदा कविता वाचताना तिचा एक उच्चार असा चुकला की मागचे बाक खदखदले. तेव्हापासून सरांची नजर वर्गावरून फिरू लागली की ती पुढच्या मुलीच्या पाठीआड वाकायची. एखादा शब्द अडला तरी ती कुणाला विचारायची नाही.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्रात राहणार नाही असं जाहीर झालं आणि गिरणगाव रस्त्यावर उतरलं. सकाळी मोर्च्याला गेलेला जयवंत जेवायला आला नाही. दूरवर फटाक्यांसारखे आवाज येत होते. ते फटाके नाहीत हे साऱ्या चाळीला ठाऊक होतं. तेवढ्यात शेजारचे रामजी धापा टाकत जिन्याने वर आले. "नाना, जयवंताच्या पायाक गोळी लागली. परळच्या इस्पितळात नेल्यानी."

बकुळाचे वडील नाना गिरणीत साच्यावर कापड विणायचे. तिला आई नव्हती. बापलेक तसेच निघाले. रस्ताभर काचा नि तुटक्या चपला पडल्या होत्या. नाक्यावर बंदुकीवाले पोलीस दिसताच नानांनी दोन्ही हात वर केले. तिनेही केले. आपल्या पाठीवर कुणीतरी नेम धरलाय असं वाटून तिची मान आखडून गेली.

इस्पितळाच्या व्हरांड्यात जखमी जमिनीवर झोपवले होते. जयवंत बेशुद्ध होता. त्याला तपासणारा तरुण डॉक्टर मद्रासकडचा, मराठीचा गंध नसलेला. रक्ताळलेल्या हातांनीच तो भराभर इंग्रजीत बोलला आणि पुढच्या जखमीकडे वळला.

"काय म्हणता तो? माका सांग," नाना म्हणाले.

बकुळाला 'लेग' कळला होता. त्यापुढचा एक लांबलचक शब्द तिने जन्मात ऐकला नव्हता. ती डॉक्टरमागे गेली. "सर, प्लीज... आय डोन्ट नो धिस वर्ड."

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं. मग हाताची कड स्वतःच्या गुडघ्याखाली ठेवून कापल्याची खूण केली.

तिने नानांना सांगितलं. नाना भिंतीला टेकले. "बाय, तुका नक्की समाजला मा? तो कापूचोच म्हणता?"

त्या प्रश्नासरशी ती डॉक्टरचं वाक्य पुन्हा आठवू लागली. डॉक्टर 'मस्ट' म्हणाला होता, की 'मे'? कापावाच लागेल, की कदाचित लागेल? वर्गात चुकलं तर मुलं हसत. इथे चुकलं तर भावाचा पाय जाणार होता, किंवा भाऊच. आणि नाना तिच्या शब्दावर ऑपरेशनच्या संमतीची सही करणार होते.

डॉक्टर ऑपरेशनच्या खोलीत शिरत होता. दारावरचा पोलीस "ए, रुको!" म्हणून ओरडला. ती थांबली नाही. "सर! मस्ट? ऑर मे?" तिचा आवाज फाटला.

डॉक्टर थबकला. "मस्ट," तो एकेक शब्द सुटा करत म्हणाला. "इफ वुई वेट, ही विल डाय."

नानांनी सही केली. बकुळाने कागद दाबून धरला.

जयवंत शुद्धीवर आला तेव्हा त्याने चादरीखाली चाचपलं आणि तोंड फिरवलं. बरेच दिवस तो बकुळाशी बोलला नाही. पाय कापायला हिनेच सांगितलं, एवढंच त्याला कुणाकडून तरी कळलं होतं. तिनेही खुलासा केला नाही. अखेर एका दुपारी नानांनीच त्याच्याजवळ बसून सगळं सांगितलं. तेव्हा तो भिंतीकडे बघत म्हणाला, "पोलीस अडवीत होता नि तू धावलीस? तू?"

बकुळा बी.ए. झाली, दादरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवू लागली. मराठी राज्य आलं तेव्हा जयवंत कुबडी घेऊन शिवाजी पार्कच्या सोहळ्याला निघाला. गर्दीत त्याला कुणी पाडेल या धाकाने बकुळा सारा वेळ त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून चालत होती.