वरच्या काकांचं सोयरसुतक

आडनावाच्या काळजीनं झोप उडालेला माणूस उभ्या ओमानमध्ये, आणि मला तर वाटतं उभ्या जगात, एकच होता आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहत होता. अल खौदला विद्यापीठाच्या बाजूला आमची दोन मजली इमारत होती. खाली आम्ही, वर ते. त्यांना झोप लागली नाही की त्यांच्या येरझाऱ्या आम्हाला छतातून ऐकू यायच्या आणि आई वर बघून म्हणायची, "लागलो चलूक. आज कोणाचा लगीन मोडला?" कारण जगात कुठेही त्यांच्या आडनावाच्या माणसाचं लग्न मोडलं, लांबलं किंवा नुसतं व्हायचं राहिलं, तरी काका चालायला लागत. आणि त्यांच्या आडनावाची माणसं होती किती? तर एका हाताची बोटंसुद्धा पुरी लागत नव्हती.

ते स्लोव्हाकियाचे. शाळेत मी तो दुसऱ्याच एका देशाचा अर्धा भाग म्हणून पाठ केला होता. हे त्यांना सांगितल्यावर ते म्हणाले, "बरोबर आहे, आम्हीही बरीच वर्षं तसंच पाठ केलं होतं." जमिनीखालच्या पाण्याचे ते इंजिनिअर होते. गावोगावच्या विहिरींत दोरी सोडून पाणी किती खाली गेलं ते बघायचं आणि काळजी करायची, असं त्यांचं काम. त्यामुळे काळजीची सवय मूळचीच होती; ती फक्त विहिरीतून घरी येऊन आडनावावर बसायची. ते आडनाव मी इथे लिहीत नाही. इतकी थोडी माणसं उरली आहेत की लिहिलं तर सरळ घराचा पत्ता दिल्यासारखं होईल. एवढंच सांगते की त्यात सुरुवातीला एकावर एक अशी व्यंजनं रचलेली होती आणि पहिला स्वर यायच्या आतच बाबांचा श्वास संपायचा. मग उरलेलं आडनाव ते हातानं दाखवत. ऑफिसातले लोक त्या भानगडीतच पडत नसत. ते त्यांना 'मुहंदिस' म्हणत, म्हणजे नुसतं इंजिनिअर.

बाबा एसी मेकॅनिक. काकांचा एसी बिघडला तेव्हा ओळख झाली. बाबा शिडीवर, हातात धुळीनं भरलेला फिल्टर आणि खालून काका इथे राहून शिकलेल्या हिंदीत विचारताहेत, तुझं आडनाव काय, ते कुठून आलं, आणि अशी माणसं किती? बाबांना वाटलं, हे काहीतरी व्हिसाचं असावं. त्यांनी घाबरत घाबरत सांगितलं की मालवणजवळ आमची वाडी आहे आणि वाडीत सगळे आमच्याच आडनावाचे. सगळे? सगळे. पोस्टमन नुसतं आडनाव वाचून कुणाच्याही हातात पत्र देतो, मग ते घरोघर फिरून आपलं आपण पोचतं. हे ऐकून काका खुर्चीवर बसले. म्हणाले की माझ्या आडनावाचं पत्र चुकीच्या माणसाकडे जाणं शक्यच नाही, ही केवढी वाईट गोष्ट आहे. बाबा घरी येऊन आईला हे सांगत होते तेव्हाचा त्यांचा चेहरा अजून आठवतो. "एकटोच गो. भावबंद म्हणान कोण नाय. मगे ह्यो भांडता कोणावांगडा?"

त्या दिवसापासून बाबांच्या मनात काकांबद्दल जी दया उत्पन्न झाली ती शेवटपर्यंत कमी झाली नाही.

आडनाव मुळात आलं कुठून याबद्दल काकांचे दोन तर्क होते आणि कोणता ऐकायला मिळेल हे त्यांच्या तब्येतीवर असे. तब्येत बरी असली की त्यांचा मूळपुरुष फुटक्या मडक्यांना तारेची जाळी विणून ती पुन्हा वापरात आणणारा फिरता कारागीर असायचा. त्यांच्याकडे अशी माणसं खांद्यावर तारेची वेटोळी टाकून देशोदेशी हिंडत, आणि मग अर्थातच आडनावही कुठेकुठे सांडलेलं असणार, शोधलं की सापडणार. तब्येत बिघडली की आडनाव डोंगरातल्या एका छोट्या गावावरून पडलेलं असायचं. आपल्याकडे गावाला 'कर' लावतात तसं. पण ते गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं होतं, म्हणजे जाऊन विचारायचीही सोय नाही. "मी पाण्याचा इंजिनिअर," ते म्हणत, "आणि माझं गाव पाण्यानंच नेलं."

कुणी परदेशी निघालं की काका त्याला गाठत. हॉटेलच्या खोलीत टेलिफोन डिरेक्टरी असते, तेवढं एक आडनाव बघून या. मस्कतमधल्या कुरुमच्या एका ऑफिसातला त्यांचा मित्र टोरांटोहून परत आला तेव्हा काका माझ्या देखत जिन्यात त्याची वाट बघत उभे होते. नाही सापडलं, असं त्यानं सांगितल्यावर काका पांढरे पडले. पुढच्या खेपेला तो म्हणाला की तसंच काहीतरी एक नाव दिसलं, तर ते आणखी पांढरे पडले. सापडलं नाही तर आडनाव संपत चाललं ही काळजी, आणि सापडलं तर ही माणसं खरी आपली की भलतीच, ही काळजी. एकदा त्यांनी आम्हाला गाडीतून निझवाला नेलं होतं. तिथल्या बाजारात हलव्याच्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं सगळ्यांना विचारतात तसं त्यांनाही विचारलं, तुमचे लोक कोण? काकांनी आपल्या मोडक्या अरबीत सांगितलं की माझे लोक म्हणजे मीच. म्हाताऱ्यानं गिऱ्हाइकं सोडून त्यांना आत नेऊन बसवलं आणि कॉफी पाजली. निघताना त्यानं बाबांना बाजूला घेऊन बजावलं की या माणसाला एकटं सोडू नका.

या सगळ्यात माझं काम एक होतं. मला ते आडनाव म्हणता यायचं. मी बुजरी मुलगी, वर्गात उत्तर येत असूनही हात वर करायची नाही, पण काकांनी जिन्यात बसून शिकवलं आणि ते मला आलं. एका श्वासात, न अडखळता. फार काळजी वाटली की काका आमच्या दारात उभे राहत आणि म्हणत, "एकदा म्हण." मी म्हणायची. ते मान हलवत आणि वर जात. ओमानमध्ये त्यांचं नाव पुरं घेणारी मी एकटीच, याचं मला तेव्हा दडपण यायचं. परीक्षेच्या दिवसांत घसा बसला तर काकांचं काय होईल, असंही मला वाटून गेलेलं आहे.

एका वर्षी गणपतीला काका मोदकांसाठी ठरल्याप्रमाणे खाली आले, तर आमच्या घरात गणपतीच नव्हता. वाडीतले कुणी चुलत आजोबा गेल्याचा फोन आला होता, आम्हाला सुतक होतं. बाबांनी समजावलं की आडनावाचं माणूस गेलं की सुतक, आडनावात मूल जन्मलं की सोयर. देवाला शिवायचं नाही, देवळात जायचं नाही, दाढी करायची नाही, गोडधोड नाही. काकांनी विचारलं, तुम्ही त्यांना ओळखत होता? बाबा म्हणाले, तोंडओळख होती, बांधावरून भांडण होतं. "आणि तरी?" "तरी म्हणजे काय? भावबंद मां." बाबांनी तक्रारही केली की वाडी एवढी मोठी, वर्षभर कुणी ना कुणी जातो किंवा येतो, धड सण म्हणून होत नाही. काका मोदकांविना वर गेले. मला खात्री आहे की त्यांना हेवा वाटला होता.

त्यानंतर त्यांच्या डोंगरातला म्हातारा गेला. त्यांच्या आडनावाचा हा एक म्हातारा त्यांनी महत्प्रयासानं शोधला होता. नातं कुठे जुळतं हे दोघांनाही सांगता येत नव्हतं, भेट कधी झाली नव्हती, फक्त नाताळला कार्डं जायची-यायची. त्या संध्याकाळी काका आमच्या उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. आत या म्हटलं तर येईनात. त्यांनी एवढंच विचारलं, "मला किती दिवस?"

बाबांनी थट्टा करायला हवी होती किंवा तुम्हाला नाही लागत म्हणायला हवं होतं. पण सुतकाच्या बाबतीत बाबांना थट्टा सुचत नाही. त्यांनी गंभीरपणे सगळे नियम सांगितले आणि काकांनी ते सगळे पाळले. दाढी वाढवून ऑफिसात गेले. साहेबानं विचारलं, काय झालं? काका म्हणाले, आमच्यातला माणूस गेला. ओमानी माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळं ऑफिस सांत्वनाला आमच्या इमारतीत लोटलं. पांढऱ्या दिशदाशातली, म्हणजे पायघोळ झग्यातली, माणसं रांगेनं जिना चढू लागली, खाली आई घाईघाईनं कॉफीचे पेले विसळू लागली, बाबा खजूर वाटू लागले आणि वर काका प्रत्येकाचा हात हातात घेत घामाघूम झाले. मेलेल्याला आपण कधी बघितलेलंच नाही, हे सांगायची वेळ केव्हाच निघून गेली होती. एका वयस्कर माणसानं विचारलं की गेलेले तुमचे कोण? काकांना अरबी सुचेना, इंग्रजी सुचेना. ते म्हणाले, "भाऊबंद." त्या माणसाला ते कळलं की काय कोण जाणे, त्यानं काकांना जवळ घेतलं आणि काका खरंच रडले.

सगळे गेल्यावर ते बाबांना म्हणाले, "त्याचं मी पाळलं. माझं कोण पाळेल?"

त्या रात्री छतातून येरझाऱ्या ऐकू आल्या आणि खाली आमच्याही घरात कुणी झोपलं नाही.

आता उरला होता तो म्हाताऱ्याचा नातू. तो आयर्लंडला कुठल्याशा गोदामात कामाला होता. काकांनी त्याला पत्रं घातली. उत्तर येईना. माझी बारावी जवळ आलेली, घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे आमच्याकडे एक काळजी होतीच. तिच्यावर ही दुसरी चढली. फोन वाजला की वर काका आणि खाली मी एकदमच दचकायचो. शेवटी नातवाचा फोन आला. मुलगा चांगला होता, म्हाताऱ्याचं सुतक पाळल्याबद्दल त्यानं आभारसुद्धा मानले, जरी त्याला ते काय ते कळलं नसावं. पण तो लग्न करत होता आणि आपलं आडनाव सोडून बायकोचं लावणार होता. तिकडे कुणाला ते म्हणताच येत नाही. कामावर हजेरी घेताना त्याच्या नावाशी आले की सगळे हसतात.

काका जिन्याच्या पायरीवर बसले होते. त्यांनी मोठं पत्र लिहायचं ठरवलं होतं, मडकी जोडणारा मूळपुरुष, बुडालेलं गाव, सगळं त्यात येणार होतं. बाबांनी हातातला पान्हा खाली ठेवला आणि मला वाटतं जन्मात पहिल्यांदाच एका इंजिनिअरला हुकूम सोडला. "लेटर-बिटर कुछ नहीं. उसका शादी में जाने का. नाम का बात निकालने का नहीं. उसके बाजू में खड़ा रहने का, खाना खाने का, वापस आने का. खलास." आणि मग माझ्याकडे वळून मालवणीत म्हणाले, "अगो, तेच्या बाजून उभो रवणारो कोण नाय, म्हणान तो नाव टाकता."

काका गेले. विमानतळावर त्यांना सोडताना मी आणि बाबा होतो. त्यांनी नवा कोट घेतला होता आणि तो त्यांना खांद्यात घट्ट होत होता. आत जाण्याआधी ते वळून म्हणाले, "एकदा म्हण." मी म्हटलं. आजूबाजूच्या लोकांनी बघितलं.

चार दिवसांनी ते परतले. बाबांनी विचारलं, काय झालं? काकांनी सविस्तर सांगितलं. पाऊस होता. चर्चमध्ये नवरीकडचे बाकांच्या रांगा भरून बसले होते आणि नवऱ्याच्या बाजूला काका एकटे. मुलानं त्यांना शेजारी उभं केलं. मेंढीचं मटण होतं, मऊ होतं. आणि आडनाव? काका म्हणाले, "विचारलं नाही. तू सांगितलं होतंस ना, विषय काढायचा नाही." बाबांनी कपाळाला हात लावला. आपला सल्ला कुणी इतका पुरा पाळेल असं त्यांना आयुष्यात वाटलं नव्हतं. मग पुढे कितीतरी दिवस दोघंही न विचारलेल्या प्रश्नाची काळजी करत राहिले, एक वर, एक खाली.

पुढे काकांचं कंत्राट संपलं आणि ते त्यांच्या देशात गेले. बाबाही थकले, आई-बाबा गावी परतले आणि मी कोल्हापूरला कॉलेजात लागले. पाठोपाठ येणारं कुणी नव्हतं, पुढे गेलेलं कुणी नव्हतं, कुणाला काय विचारावं हे कळत नव्हतं. तेव्हा मला काका वारंवार आठवत. आपल्यासारखं दुसरं कुणी नसणं म्हणजे काय, हे मला तिथे थोडं थोडं समजलं.

श्रावणात मी घरी निघायच्या आदल्या दिवशी सायबर कॅफेत त्यांचा ईमेल बघितला. नातवाला मुलगी झाली. तिला आडनाव दिलंय. कोणतं, ते लिहिलं नव्हतं, कारण तशी गरजच नव्हती. खाली एवढंच होतं: "तुझ्या बाबांना विचार, मुलगी असली तरी सोयर धरतात का?"

घरी पोचल्यावर मी बाबांना सांगितलं. ते हातपाय धूत होते, तसेच थांबले. "धरतत तर," ते म्हणाले. "चेडू झाला म्हणान काय झाला?" आणि देवाजवळच्या दिव्याची वात स्वतः न लावता त्यांनी त्यासाठी शेजारच्या घरातल्या पोरीला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी वाडीत सत्यनारायण होता. आरती सुरू झाली तरी बाबा अंगणाच्या कडेला, माडाला टेकून बाहेरच बसले. शेजारचे आप्पा, आमच्याच आडनावाचे, भांडण असूनही बोलवायला आले. "रे, असो भायर कित्या?"

"आमका सुयेर आसा."

"तुका सुयेर आणि माका म्हायत नाय? कोणाकडे झाला?"

बाबांनी तोंड उघडलं. पहिलं अक्षर आलं, दुसरं अर्धं आलं, श्वास संपला. उरलेलं दाखवायला हात उचलला, पण मग तो खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"तू सांग गो तेंका."

आत टाळ वाजत होते. मी उठून उभी राहिले आणि काकांनी जिन्यात शिकवलं होतं तसं ते आडनाव मी म्हटलं, एका श्वासात, सगळं.