जाळीवर नसलेली धूळ

आमच्या जिनिंग कारखान्यात, सरकी काढण्याच्या यंत्रात कापूस अडकला की त्याच्या पट्ट्यावरची संरक्षक जाळी काढण्यात वेळ जाई. म्हणून ती फक्त तपासणीच्या दिवशी बसे. बसवणारा आणि उतरवणारा मुकादम मीच होतो. ही गोष्ट मी अनेक वर्षे लपवली.

सरकारी सुरक्षा अभियंता म्हणून नुकतीच रुजू झालेली ती मुलगी गेल्या हंगामात तीनदा आली. खुर्ची दिली तरी ती बसत नसे. यंत्राजवळ जाण्याआधी ओढणी काढून पिशवीत ठेवी आणि मालकांच्या आधी कामावरच्या बायांना विचारी, "मावशी, तुमी इथं काय करायलाव?" समोरचीचे बोलणे संपेपर्यंत ती पेन उघडत नसे. इतके लक्ष देऊन ऐकणारा अधिकारी मी पाहिला नव्हता. तिचे मला नवल वाटे, आणि थोडी भीतीही.

तिसऱ्या खेपेला तिने जाळीवरून बोट फिरवले आणि ते माझ्यापुढे धरले.

"काका, भिंतीवर, पंख्यावर, तुमच्या मिशीवर बी कापसाची धूळ हाय. या जाळीवरच कशी न्हाई?"

बाया हसल्या. एक जण मात्र हसली नाही. तिची दोन बोटे पूर्वी त्याच पट्ट्यात गेली होती, आणि अपघाताच्या अहवालात 'स्वतःचा निष्काळजीपणा' असे कारण मीच लिहून दिले होते.

अभियंता मुलगी पेन न उघडता उत्तराची वाट पाहत उभी राहिली. मी मात्र त्या बाईकडे वळलो.

"बाई, त्या दिवशीही जाळी मी काढूनच ठेवली होती. चूक तुमची नव्हती, माझी होती. मला माफ करा."